संकेतस्थळाची नोंदवही आणि न आलेला वाचक

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



माझ्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत 'वेब ॲनालिटिक्सच्या एपीआयद्वारे अहवालनिर्मिती' असे छापले आहे. ते वाचून आपल्यापैकी काहींनी चहाची वेळ कोणती याची चौकशी केली, असे मला समजले. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे आणि हे नाव प्रथम कानावर आले तेव्हा माझीही अवस्था याहून निराळी नव्हती. परंतु या विषयाशी माझी गाठ संगणकाच्या कुतूहलामुळे पडली नाही. ती एका शिक्षकाच्या प्रश्नामुळे पडली, आणि म्हणून प्रथम तो प्रश्नच आपल्यापुढे ठेवतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती आपणहून प्रसिद्ध करावयाची असते. त्यासाठी संकेतस्थळ हे सोयीचे साधन ठरले. सूचना संकेतस्थळावर ठेवली की प्रसिद्धीचे कर्तव्य पार पडले, असा एक समज आपल्या कार्यालयांतून रूढ झाला. मीही त्याच समजात होतो. अशा वेळी दुर्गम भागातील एका आश्रमशाळेचे शिक्षक मला भेटावयास आले. त्या वर्षी वसतिगृह-प्रवेशाची सूचना आम्ही मुदतीच्या तीन आठवडे आधी संकेतस्थळावर ठेवली होती. गुरुजी म्हणाले, "साहेब, सूचना होती हे खरं. पण आमच्या मुलांना ती कळली तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते. दहावी झालेली मुलं आहेत, आता घरी बसली आहेत."

उत्तर माझ्यापाशी तयार होते. दरमहा वरिष्ठांकडे जाणारा संकेतस्थळाच्या वापराचा अहवाल मी त्यांच्यापुढे सरकविला. त्यात वाचकांची भरघोस संख्या होती, चढती आलेखरेषा होती आणि सर्वाधिक वाचल्या गेलेल्या दहा पानांची यादी होती. गुरुजींनी कागद शांतपणे वाचला आणि विचारले, "यात आमच्या सूचनेचं पान कुठं आहे?"

ते नव्हते. नोकरभरती होती, निविदा होत्या, अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक होते. गेले वर्षभर तीच दहा पाने थोड्याफार फरकाने वर-खाली होत आली होती आणि त्या अहवालावर मी दरमहा स्वाक्षरी करीत आलो होतो.

हा अहवाल तयार कसा होतो ते आता पाहू. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात एक लहानशी आज्ञावली बसविलेली असते. पान उघडले की ती आपल्या मोजणी-सेवेकडे एक नोंद धाडते : अमुक पान, अमुक वेळी, अमुक प्रकारच्या यंत्रावर, साधारण अमुक शहरातून उघडले गेले. ही सेवा देणाऱ्यांत सर्वाधिक परिचित असलेले गूगल ॲनालिटिक्स नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाले. त्याची आजची आवृत्ती, जी चौथी म्हणून ओळखली जाते, ऑक्टोबर २०२० मध्ये आली. पडद्यावर दिसणारे तक्ते या सेवेने स्वतःच्या समजुतीप्रमाणे आधीच आखून ठेवलेले असतात. त्यांची आखणी जगभरच्या दुकानदारांना उपयोगी पडावी अशी आहे. दुकानदाराला सर्वाधिक खपणारा माल कोणता हे कळले की पुरते. शासकीय कार्यालयाची गरज पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते.

आता एपीआय म्हणजे काय? आपण सर्वांनी कधी ना कधी अभिलेखकक्षातून नक्कल काढलेली आहे. आत हजारो बस्ते असतात, परंतु आपल्याला आत जाता येत नाही. खिडकीवर ठराविक नमुन्यातील अर्ज द्यावा लागतो. अर्जात गावाचे नाव, गट क्रमांक आणि वर्ष बिनचूक लिहिले तर हवा तोच उतारा हाती येतो. अर्ज मोघम असेल तर तो परत येतो, किंवा भलताच कागद मिळतो. एपीआय ही तशी खिडकी होय. फरक इतकाच की अर्ज संगणकाने लिहावयाचा असतो आणि उत्तर काही क्षणांत मिळते. गूगल ॲनालिटिक्सच्या या खिडकीला 'डेटा एपीआय' असे नाव आहे आणि अहवाल मागण्याच्या मुख्य आज्ञेला 'रनरिपोर्ट' म्हणतात.

या अर्जातील रकाने आपल्या विवरणपत्रांसारखेच आहेत. प्रथम आपल्या संकेतस्थळाचा नोंदणी क्रमांक, मग कालावधी. एका अर्जात चार कालावधी मागता येतात, त्यामुळे या जूनची गेल्या जूनशी तुलना एकाच तक्त्यात होते. त्यानंतर 'डायमेंशन', म्हणजे वर्गवारीचे रकाने : पान, दिनांक, शहर, भाषा, यंत्राचा प्रकार इत्यादी. मग 'मेट्रिक', म्हणजे मोजणीचे रकाने : किती वाचक आले, किती भेटी झाल्या, पान किती वेळा उघडले गेले, किती वेळ लक्ष देऊन पाहिले गेले. वर्गवारीचे नऊ आणि मोजणीचे दहा रकाने एका अर्जात मागता येतात. वर्गवारीचा प्रत्येक रकाना मोजणीच्या प्रत्येक रकान्याशी जुळतोच असे नाही. त्याची तपासणी करणारी वेगळी आज्ञा आहे. याखेरीज चाळणी लावता येते, उदाहरणार्थ, ज्यांच्या पत्त्यात 'योजना' हा शब्द आहे तीच पाने द्यावीत. क्रम चढता की उतरता तेही सांगता येते. शेवटी किती ओळी हव्यात ते लिहावयाचे असते. हा रकाना कोरा ठेवला तर दहा हजार ओळी येतात आणि पुढच्या येत नाहीत. मोठ्या संकेतस्थळांनी एकूण ओळींचा आकडा, जो उत्तरातच दिलेला असतो, तो पाहिल्याशिवाय अहवाल पुरा झाला असे समजू नये.

हे सर्व लिहिण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. आमच्या कार्यालयातील एका लिपिकाने, ज्यांचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, पायथन या संगणकभाषेतील वीस-पंचवीस ओळींचा नमुना समोर ठेवून चार दिवसांत हा अर्ज लिहिला. अडचण आली ती मी त्यांना प्रश्न नीट सांगू शकत नव्हतो म्हणून.

गुरुजी गेल्यानंतर आम्ही पहिला अर्ज केला तो त्या एका पानासाठी. सूचना ठेवल्याच्या दिवसापासून मुदतीच्या दिवसापर्यंत ते पान किती जणांनी उघडले? उत्तर आले ते कोरे. शून्य नव्हे, एकही ओळ नव्हती. आमची समजूत अशी झाली की अर्ज चुकला. दोन दिवस आम्ही चूक शोधीत होतो.

चूक नव्हती. ज्या ओळीतील सर्व मोजण्या शून्य असतील ती ओळ ही सेवा उत्तरातून गाळून टाकते. अर्जात 'कीपएम्प्टीरोज' नावाची एक खूण आहे. ती मुद्दाम 'होय' अशी भरली नाही तर रिकाम्या ओळी मिळत नाहीत. आम्ही ती भरली. तरीही उत्तर कोरेच आले. कारण याहून खोल होते. या नोंदवहीत जे कधी घडलेच नाही त्याची नोंद असू शकत नाही. जे पान त्या काळात एकदाही उघडले गेले नाही त्याचे अस्तित्वच या सेवेला माहीत नाही. हजेरीपटावर ज्या मुलाचे नाव चढलेले नाही त्याची गैरहजेरी कोणी मांडत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

यावर उपाय आपल्याच घरात असतो. संकेतस्थळावर आपण कोणती पाने ठेवली आहेत याची संपूर्ण यादी आपल्यापाशी असते, किंवा असावयास हवी. ती यादी डाव्या बाजूस मांडावी, खिडकीतून आलेले आकडे उजव्या बाजूस जोडावेत आणि ज्या नावापुढे काहीच जोडले जात नाही तेथे आपण स्वतः शून्य लिहावे. आम्ही तसे केले तेव्हा त्या शून्यांनीच दोन कागद भरले. त्यांत वसतिगृहाची सूचना होती, दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरांच्या तारखा होत्या, विहिरींच्या पाणी-तपासणीचे निष्कर्ष होते. माझ्या दृष्टीने आमच्या कार्यालयाने तयार केलेला हा पहिला खरा अहवाल. मासिक बैठकीत तो कोणाला फारसा आवडला नाही.

पान कोणी पाहिले नाही, याचा अर्थ ते कोणाला नको होते असा होत नाही. हे आम्हाला दुसऱ्या अर्जाने दाखविले. संकेतस्थळावर शोधासाठी एक चौकट असते आणि तीत लोक कोणते शब्द लिहितात याचीही नोंद ठेवता येते. त्या तीन आठवड्यांतील शब्द आम्ही मागविले. त्यांत 'होस्टेल' हा शब्द होता, 'वसतीगृह' असा ती दीर्घ काढून लिहिलेला शब्द होता, आणि रोमन लिपीत लिहिलेला तोच शब्दही होता. लोक दारापर्यंत आले होते. आमच्या पानाचे शीर्षक मात्र 'सूचना क्र. ४' असे होते आणि आतील मजकूर म्हणजे शिक्का मारलेल्या कागदाचे छायाचित्र होते. यंत्राला छायाचित्रातील अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून 'होस्टेल' विचारणाऱ्याला उत्तर मिळाले की अशी कोणतीही माहिती उपलब्ध नाही. मराठीच्या पदवीधराने 'सूचना क्र. ४' हे शीर्षक मंजूर केले होते, हे मी येथे कबूल करतो. त्या मुलांपैकी कितींना पुढे कोठे प्रवेश मिळाला ते गुरुजींनी मला कळविले नाही, आणि विचारण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

शासकीय संकेतस्थळांच्या वापराचे आकडे लोकांपुढे उघडे ठेवण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील केंद्र शासनाच्या अनेक संकेतस्थळांची एकत्रित मोजणी दाखविणारे 'ॲनालिटिक्स डॉट यूएसए डॉट गव्ह' हे पान मार्च २०१५ मध्ये सुरू झाले. या क्षणी किती लोक शासनाच्या संकेतस्थळांवर आहेत आणि कोणती पाने पाहत आहेत, हे कोणाही नागरिकाला तेथे दिसते. त्यामागील आकडे अशाच एपीआयच्या खिडकीतून ठराविक वेळाने मागविले जातात. ती आज्ञावली त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आणि फिलाडेल्फियासारख्या शहराने ती घेऊन आपले स्वतःचे पान उभारले. हवामान आणि प्राप्तिकराचा परतावा या विषयांकडे लोकांचा ओढा केवढा आहे, हे त्या पानाने दाखवून दिले. तथापि पहिल्या नजरेत भरतात ती तेथेही सर्वाधिक पाहिलेली पानेच. खुलेपणाचा तो धडा आपण जरूर घ्यावा. यादीचा उलटा क्रम मात्र आपल्याला स्वतःच मागवावा लागेल.

आता आकडे वाचताना होणाऱ्या फसगतीविषयी. यांतील एक मी स्वतः केलेली आहे. महिन्यातील वाचकसंख्या काढण्यासाठी मी तीस दिवसांचे दैनिक आकडे बेरजेने मांडले आणि तो आकडा वर पाठविला. समजा, एक शिक्षिका सोमवार ते शनिवार रोज आपले संकेतस्थळ पाहते. दैनिक तक्त्यात ती सहा वेळा येते. आठवड्याच्या तक्त्यात ती एकच वाचक असते. भेटींची बेरीज करता येते, माणसांची करता येत नाही. महिन्याचे वाचक हवे असतील तर दिनांकाचा रकाना न मागता महिन्याचाच कालावधी मागावा. माझा चुकलेला आकडा दुरुस्त करून पाठविला तेव्हा वाचक एकाएकी एवढे कमी कसे झाले, याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला.

शिवाय 'वाचक' हा शब्दही जपून घ्यावयास हवा. यंत्र माणूस मोजत नाही, यंत्र मोजते. आपले सरकार सेवा केंद्रावर एक चालक एकाच संगणकावरून दिवसभर पंचवीस-तीस जणांची कामे करतो; नोंदवहीत तो एकटाच वाचक असतो. उलट कार्यालयातील संगणकावर आणि खिशातील मोबाईलवर तेच पान पाहणारे आपल्यासारखे लोक दोन-दोन ठरतात. ग्रामीण भागाचे आकडे लहान आणि शहराचे मोठे दिसण्याचे हे एक कारण आहे. दुसरे असे की व्हॉट्सॲपवरून आलेला पीडीएफचा दुवा कोणी थेट उघडला तर त्याची नोंद होत नाही, कारण मोजणारी आज्ञावली पानात असते, पीडीएफमध्ये नसते. आमच्या वसतिगृहाच्या सूचनेला काही वाचक या मार्गाने मिळाले असतील. ते किती होते हे आमची नोंदवही सांगू शकत नाही. आणखी एक गोष्ट. वाचक फार थोडे असतील तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून ही सेवा काही तक्त्यांतून अशा ओळी रोखून धरते. धोरण योग्यच आहे. पण लहान गावांच्या बाबतीत अहवालाला पडणारे ते आणखी एक भोक आहे.

पंचायत सदस्यांनी मला मघाशी विचारले की, आमच्या गावातून कितीजण पाहतात ते कळेल का? स्पष्टच सांगावयाचे तर कळणार नाही. स्थळाचा अंदाज इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून बांधला जातो. मोबाईल जोडणीच्या बाबतीत तो पुष्कळदा दूरच्या मोठ्या शहराचे नाव दाखवितो. गाव किंवा तालुका असा रकानाच या खिडकीवर नाही. म्हणून एखाद्या तालुक्यात मुंबईचे आकडे दिसले तर लोक स्थलांतरित झाले असे कोणी समजू नये. मात्र एक साधा मार्ग आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचनेबरोबर क्यूआर कोड लावावा आणि प्रत्येक गावाच्या कोडमधील पत्त्याच्या शेवटी त्या गावाची वेगळी खूण जोडावी. ती खूण वर्गवारीच्या रकान्यात जशीच्या तशी उमटते. मग कोणत्या फलकावरून किती भेटी आल्या ते सांगता येते, आणि कोणता फलक पावसाने धुऊन गेला त्याचाही अंदाज येतो.

खिडकीच्या किल्लीविषयी मात्र थोडे कठोरपणे बोलले पाहिजे. संगणकाला अर्ज करता यावा म्हणून एक 'सेवा खाते' काढावे लागते आणि त्याला आपल्या नोंदी केवळ पाहण्याची परवानगी द्यावी लागते. त्या खात्याची किल्ली एका लहानशा फाईलमध्ये असते. ती कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविलेली मी पाहिली आहे. तिजोरीची किल्ली कोणी सूचना फलकावर टांगत नाही. त्याहून गंभीर गोष्ट मूळ खात्याच्या मालकीची. एका ठिकाणी संकेतस्थळ करून देणाऱ्या ठेकेदाराने मोजणीचे खाते स्वतःच्या खाजगी ई-मेलवर काढले होते. करार संपला, तो निघून गेला आणि कार्यालयाच्या हाती आपल्याच संकेतस्थळाची नोंदवही राहिली नाही. आपापल्या कार्यालयात परतल्यावर हे खाते कोणाच्या नावे आहे, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे.

नोंदी कायम राहतील हाही भ्रम आहे. या सेवेच्या जुन्या आवृत्तीने सर्वसाधारण संकेतस्थळांच्या नव्या नोंदी घेणे १ जुलै २०२३ रोजी थांबविले आणि जुलै २०२४ पासून आधीच्या नोंदी पाहण्याची सोयही बंद झाली. पुरेशी पूर्वसूचना दिली गेली होती. तरीही मी जेथे काम करीत होतो त्या कार्यालयाने नकला काढून घेतल्या नाहीत. आज तेथे त्या आधीच्या वर्षांचे जे काही शिल्लक आहे ते म्हणजे माझ्या स्वाक्षरीचे, दहा-दहा पानांच्या याद्यांचे ते मासिक अहवाल. एपीआयचा मला जाणवलेला मोठा लाभ येथे आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला संगणकाने आपण होऊन मागील महिन्याचा तक्ता मागवावा आणि तो कार्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर जमा व्हावा, अशी व्यवस्था करता येते. १ तारीख न धरता ५ धरली, कारण ताज्या नोंदी पक्क्या होण्यास एक-दोन दिवस लागतात.

आपल्या नागरिकांच्या वापराची नोंद परक्या खाजगी कंपनीच्या कोठारात का असावी, असा आक्षेप काहीजण घेतात. तो मला निराधार वाटत नाही. मटोमो ही खुली आज्ञावली २००७ पासून, प्रारंभी पिविक या नावाने, उपलब्ध आहे. ती स्वतःच्या यंत्रावर बसविता येते आणि तिलाही अहवालाची अशीच खिडकी आहे. साधन कोणतेही निवडा, एक पथ्य पाळलेच पाहिजे. पानाच्या पत्त्यात अर्जदाराचा मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक किंवा नाव येता कामा नये, कारण पत्ता जसाच्या तसा मोजणीच्या वहीत उतरतो. गूगलच्या अटींनुसार अशी वैयक्तिक माहिती तिकडे पाठविण्यास मनाई आहे आणि आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आहे.

आमच्याकडे आता वसतिगृहाचे पान 'वसतिगृह (होस्टेल) प्रवेश : अर्ज कसा करावा, शेवटची तारीख' या शीर्षकाखाली असते आणि मजकूर अक्षरांत लिहिलेला असतो. मुदतीच्या दहा दिवस आधी संगणक त्या पानाचा आकडा मागवितो. आकडा फारच लहान असला की मी संगणक बंद करून दूरध्वनी उचलतो आणि आश्रमशाळांना कळवितो. गेल्या वर्षी त्या गुरुजींना मीच फोन केला. ते म्हणाले, "कळलं साहेब, फलकावर वाचलं."

दुपारच्या सत्रात आपण संगणक कक्षात प्रत्येकी एक अर्ज लिहिणार आहोत. येताना आपापल्या संकेतस्थळावरील सर्व पानांची यादी बरोबर आणावी. ज्यांच्यापाशी ती नसेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत हाताने लिहून काढावी; कागद व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवले आहेत.